त्या दासीचं काय झालं

माय, काल नातवानं मला टीव्हीपुढे बसवून एक जादूचा सिनेमा दाखवला. कुठल्याशा जाड इंग्रजी कादंबरीवरून काढलेला. उडते घोडे, आगीचे लोट, सगळं होतं. संपल्यावर विचारतो, "आजी, पुस्तक भारी की सिनेमा?" मी काही जाणकार नाही. अर्ध्या सिनेमात मला डुलकी लागते, आणि पुस्तकातल्या लढायांची पानं मी न वाचता सरळ उलटते. तरी या एका प्रश्नावर मी तावातावानं बोलते, ते तुझ्यामुळे.

आपलं अल्लीपूरचं स्वयंपाकघर आठवतं. तू चुलीपुढे बसलेली, मांडीवर ग्रंथालयातली कादंबरी उघडी. एक जादूगार माणसांच्या सावल्या चोरून आपल्या महालात कोंडतो, आणि ज्याची सावली गेली त्याला घरचीच माणसं ओळखत नाहीत, अशी ती गोष्ट. वाचून झालेलं तू मला रोज थोडं थोडं सांगायचीस. त्यात महाल झाडणारी एक दासी होती. ती आली की तुझा आवाज बदलायचा. एके दिवशी तिच्याच नादात तव्यावरची भाकर जळाली. बाबांची थोरली बहीण, माझी आत्या, आपल्याकडेच राहायची आणि घरात तिचाच शब्द चालायचा. "भाकरीचा कोयसा झाला अन् हे पानं पलटवून राह्यली! बाईले कायले पाह्यजे पुस्तक?" तू जेमतेम अर्ध्यावर आली होतीस. तिनं ते पुस्तक तसंच परत करायला मला धाडलं आणि यापुढे घरात पुस्तक येणार नाही, असं बजावलं. तू नुसती परातीतलं पीठ मळत राहिलीस. ती कादंबरी पुढे ग्रंथालयातून कोणीतरी नेली, ती परत आलीच नाही.

म्हणून त्याच कादंबरीवरचा हिंदी सिनेमा हिंगणघाटला लागला तेव्हा तू बाबांकडे हट्ट धरलास. तुला शेवट पाहिजे होता. देवाधर्माचा सिनेमा असेल असं समजून आत्याही एसटीत चढली. दुपारचा खेळ होता. टॉकीजमध्ये एकीकडे बायका, दुसरीकडे पुरुष. महाल पुठ्ठ्याचा आहे हे मलाही कळत होतं, पण भिंतींवरून सावल्या पळायला लागल्या तेव्हा मी तुझा पदर घट्ट धरला. नायक महालाच्या दाराशी पोचला आणि ऐन तेव्हाच लाइट गेली. शिट्ट्या सुरू झाल्या. दारं उघडली, ऊन आत आलं. "आता पुढं काय होते थे कोन सांगन?" आत्या वैतागली. मी फुशारकीनं म्हटलं, "मायनं वाचलं हाये न पुस्तक!" मागची बाई लगेच पुढे वाकली. "मंग सांग न वं बाई, लाइट येईपर्यंत."

तू आधी आत्याकडे पाहिलंस. मग बसल्या जागेवरून हळूच सुरुवात केलीस, आणि थोड्या वेळानं उभी राहिलीस. नायकाला तू दारातच ठेवलंस आणि दासीला आत पाठवलंस. सावल्यांची खोली रोज तीच झाडायची, त्यामुळे कुठली सावली कोणाची हे तिलाच ठाऊक. तिनं एकेकीला नाव घेऊन हाक मारली आणि बाहेर सोडलं. सगळ्या गेल्यावर कोपऱ्यात एक उरली होती, ती तिची स्वतःची. पुरुषांकडच्या शिट्ट्या कधी थांबल्या ते कळलंही नाही. "मंग त्या दासीचं काय झालं?" तिकडूनच कोणीतरी विचारलं. "काय होईन? झाडू तिथंच टाकला अन् गेली आपल्या घरी. घरच्यायनं लगेच वळखलं तिले." केवढ्या टाळ्या पडल्या, माय! मग लाइट आली. पडद्यावर नायकानं तलवार उपसून जादूगाराला मारलं आणि खेळ संपला. दासीचा पत्ताच नाही. बायकांच्या बाजूनं एकच गिल्ला झाला, "दासी कुठी गेली? पिच्चर खोटा हाये!" त्यात सगळ्यांत मोठा आवाज आत्याचा होता. परतताना एसटीत ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "उद्या जाऊन दुसरं पुस्तक आन. भाकरी मी पलटवीन. पन मोठ्यानं वाचजो, मले बी आइकू येऊ दे." तू जाईपर्यंत आपल्या घरातलं पुस्तक मग कधी बंद झालं नाही.

तू गेल्यावर काही वर्षांनी, मी नालवाडीत संसार थाटला होता तेव्हा, वर्ध्याच्या एका रद्दीच्या दुकानात तीच कादंबरी दिसली. उभ्या उभ्या शेवट वाचून काढला. जादूगार म्हातारा होऊन मरतो आणि सावल्या आपोआप सुटतात. दासी तर मधल्याच एका प्रकरणात गळून पडते, पुढे लेखकाला तिची आठवणही राहत नाही. मी पुन्हा पानं चाळली. मग लक्षात आलं, तू अर्धंच वाचलं होतंस. भरल्या टॉकीजात, शेजारी नणंद बसलेली असताना, तू तो शेवट उभ्या उभ्या रचलास. रद्दीवाला बघत होता आणि मी हसत होते, रडतही होते. इतका अभिमान मला माझ्या स्वतःच्या कशाचाही कधी वाटला नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते माझ्या उशाखालीच राहील. पण एक सांगून ठेवते. काल नातवाला मी नेहमीसारखं ठासून सांगितलं, "पुस्तकच भारी," आणि पुरावा म्हणून दासीची गोष्ट तुझ्या शेवटासकट सांगितली. त्यानं लगेच ते पुस्तक मागितलं. मी म्हटलं, कोणीतरी नेलं रे, ते परत आलंच नाही.