खोली नऊची खिडकी

४ जून
दोन्ही कॉलेजांनी घेतलं! दोन्ही! खुर्चीवर चढून नाचले, खुर्ची मोडली. तीही आईची, शिलाई मशीनपुढची. ती म्हणाली, आनंद कर, पण जमिनीवर कर.

आता निवडायचं. जवळचं, घरापासून दहा मिनिटं, रसायनशास्त्र. दूरचं, गाडीने नऊ तास, आणि कीटकशास्त्र! कपड्यांना कसर लागू नये म्हणून आईने जन्मभर डांबराच्या गोळ्या ठेवल्या आणि तिची लेक कसरीचाच अभ्यास करणार! आई कपाळावर हात मारून हसली.

७ जून
आई आणि मी जवळचं कॉलेज बघून आलो. प्राचार्य ग्रंथालयाचं कौतुक सांगत होते, आणि आमची शिंपीणबाई पडद्याची दुमड उलटून बघत होती. बाहेर आल्यावर निकाल दिला – टाके लांब आहेत, कामचुकार माणसं.

८ जून
पण जवळचंच घ्यावं का? मी गेले तर काजं-बटणं कोण करणार? घरात आम्ही दोघीच. संध्याकाळी मशीन थांबलं की ती बोलणार कोणाशी?

११ जून
आज दूरचं बघितलं! काचेच्या पेट्यांत चार हजार भुंगेरे! हिरवे, तांबूस, शिंगवाले! मी तर वेडी व्हायची बाकी.

वसतिगृहाच्या बाई कडक. आईने त्यांना तोंडावर सांगितलं, तुमची बाही ओढतेय. झालं, गट्टी जमली! त्यांनी खोली नऊ दाखवली. आलात तर हीच मिळेल म्हणाल्या. आईने गळ्यातली टेप काढली (प्रवासातही गळ्यातच!) आणि खिडकी मोजायला लागली. पाठमोरी. किती वेळ! तोवर मी भुंगेऱ्यांबद्दल बडबड बडबड बडबडले. शेवटी तिने आकडे तळहातावर लिहून घेतले.

१३ जून
मावशी म्हणते, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. आईला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा एकच – तुझं तू ठरव.

१५ जून
ठरलं. जवळचं. अर्ज भरून पाकीट बंद केलं. थोडं रडू आलं. थोडं नाही, बरंच.

१६ जून
पाकीट घेऊनच आईला सांगायला तिच्या शिवणाच्या दुकानात गेले. ती निळ्या पडद्याला दुमड घालत होती. प्रत्येक कपड्याला ती चिठ्ठी टाचते, पण गिऱ्हाइकाचं नाव लिहीत नाही. "पोटवाले वकील", "डावा खांदा उतरता" असलं काहीतरी. या पडद्यावर होतं – "खोली नऊ".

मी म्हटलं, "अगं, मी जवळचं घेतलंय."

तिने मान वर केली नाही. "कापड कापून झालंय. आता काय उपयोग."

गळ्यात पडले तिच्या, टेपसकट! पाकीट फाडलं! नाचले, यावेळी जमिनीवर!

१ जुलै
सामानात आईने गुपचूप डांबराच्या गोळ्या भरल्यात. वीस! माझ्या कसरींचं काही खरं नाही.

३ जुलै
खोली नऊ. पडदा लावला. वीतभर आखूड.

आईचं माप कधी चुकत नाही. वकिलांचं पोट ती नुसत्या नजरेनं सांगते. त्या दिवशी ती खिडकीपाशी रडत होती. आणि मी भुंगेऱ्यांबद्दल बोलत होते.