कोणाचा उजवा?

विल्बर, नेब्रास्का
मंगळवार

प्रिय आल्बिना हिला थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

तुझा गुडघा आता वाकतो का? माझे दोन्ही ठणठणीत आहेत. स्टॅन्लीचा रक्तदाब आधी तपास आणि मगच पुढे वाच, कारण पुढचा सगळा मजकूर तुझ्या नवऱ्याबद्दल आहे.

शनिवारी त्याने माझ्या रिमोटवरच्या विमानाला नापासाची लाल चिठ्ठी चिकटवली, सगळ्या क्लबसमोर. (क्लबने त्याला तपासनीस केलं ते त्याच्याकडे घडीचं टेबल आहे म्हणून.) हे विमान मी हिवाळाभर शिवणाच्या टेबलावर तयार केलंय. पंखांच्या कडेच्या पट्ट्यांना नव्या बिजागऱ्या लावल्या, त्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी बदलल्या, एकेका स्क्रूला गोंद लावला, बॅटरी स्पंजात गुंडाळली. दोन बोटांवर तोललं तर नाक झुकत नाही की शेपूट. रिमोटची ताकद कमी करून शेजाऱ्याच्या मक्यापर्यंत चालत गेले, तरी विमान माझं ऐकत होतं. रिमोट बंद करताच इंजिन मुकाट थांबलं. (तेव्हा विमान कुंपणाला बांधलेलं होतं. मी मूर्ख नाही.)

तुझ्या नवऱ्याने स्क्रू ओढले, पंख वाकवून पाहिले, हाती काही लागलं नाही. मग म्हणाला, "व्लास्ताताई, उजवं वळण दाखवा." मी विमानाच्या नाकासमोर उभी होते. रिमोटची दांडी उजवीकडे ढकलली, उजवी पट्टी वर आली, जशी यायला हवी तशी.

"कोणाची उजवी?" तो म्हणाला.

"उजवी म्हणजे उजवी. ज्या हाताने आपण क्रूसाची खूण करतो, त्या बाजूची."

"विमान कधी करतं खूण?"

सगळे हसले. मग त्याने चिठ्ठी लावली आणि वर एक खसखशीचा गोड पाव, कोलाचा, खाल्ला, माझ्याच डब्यातला.

हा सूड आहे. परवाना कचेरीत नोकरीला असताना मी त्याला गाडीच्या परीक्षेत नापास केलं होतं, तुमच्या लग्नाआधी. उजवीकडे वळ म्हटलं तर हा डावीकडे वळला, थेट फादरांच्या गुलाबांत. ते त्याने मनात ठेवलंय. येत्या शनिवारी शर्यत आहे, आणि माझं विमान सगळ्यांत वेगवान आहे हे त्यालाही ठाऊक आहे. चिठ्ठी निघाली नाही तर मला प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवाव्या लागतील. मी वाजवणार नाही.

तुझी,
व्लास्ता

ता. क. हे स्टॅन्लीला वाचून दाखव. मोठ्याने.

आणखी ता. क. दाखवू नकोस. पाकीट बंद करण्याआधी मी विमानाच्या शेपटीमागे जाऊन उभी राहिले. (तिथून त्याचा उजवा आणि माझा उजवा एकच.) दांडी उजवीकडे ढकलली, तर डावी पट्टी वर आली. मोटरी बदलताना मीच उलट्या जोडल्या होत्या. चूक सिस्टर आगाथांची आहे. आठवतं ना, त्या वर्गाकडे तोंड करून उभ्या राहायच्या आणि आपल्याला सोपं जावं म्हणून स्वतः डाव्या हाताने खूण करून दाखवायच्या? समोरच्याचा उजवा आपल्याच उजव्या बाजूला असतो, हे त्यांनी माझ्या डोक्यात पक्कं बसवलं. शर्यतीत पहिल्या खांबाला वळसा घालताना मी डावीकडे वळवलं असतं आणि विमान उजवीकडे गेलं असतं. उजवीकडे तुझं कोलाच्यांचं टेबल असतं, आणि टेबलामागे तू.

शेवटचं ता. क. दुरुस्त केलंय. शुक्रवारी स्टॅन्लीला चिठ्ठी काढायला पाठव, कोलाचे केलेले असतील. शर्यतीत माझ्या शेजारी उभं राहून वळण सांगायलाही तोच हवा, त्याची नजर चांगली आहे. त्याने फक्त "वळा" म्हणावं. कुठे, ते मी बघेन.