चौकट क्रमांक अकरा

मी, खाली सही करणारा, वय एकावन्न, धंदा लेथकाम, शाळा आठवीपर्यंत व पुढचे सगळे स्वतः वाचून शिकलेला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणी सांगितले म्हणून नव्हे तर भीती वाटते म्हणून लिहीत आहे. परवा सकाळी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, शंभरात चार दगावतात. मी विचारले, कोणते चार? ते हसले. मी हसलो नाही.

१. राहते घर, दोन खोल्या व पोटमाळा, पत्नीला. मागच्या खिडकीची कडी मी स्वतः घडवली आहे, ती बदलू नये.

२. मुलीचे शिक्षणखाते. खरे तर याच कलमासाठी हा खटाटोप.

मुलगी चार वर्षांची असताना मेव्हणा त्याची विम्याची पॉलिसी घेऊन आला. "भावोजी, तुम्ही फक्त सही करा, बाकीचं मी बघतो." मी म्हणालो, "बाकीचंच तर मला बघायचंय." या खात्याची बेचाळीस पानी नियमपुस्तिका मी तीनदा वाचली. भरलेल्या रकमेवर करात सूट, व्याजावर कर नाही, कॉलेजसाठी काढले तर काढतानाही नाही. दुसऱ्या कशासाठी काढले तर दंड. निवड चोख होती, आजही तेच म्हणेन.

घात फॉर्मने केला. खातेदार मी, मुलगी फक्त लाभार्थी. चौकट अकरा: खातेदाराच्या पश्चात खाते कोण चालवील? कामाच्या कागदावर मी रिकामी जागा ठेवत नाही, मागून कोणी काही घुसडू नये म्हणून रेघ मारतो. इथेही मारली, फूटपट्टी लावून. मेव्हणा शेजारीच होता. "भावोजी, तुमच्यानंतर कोण?" मी म्हणालो, "माझ्या मरणावर तुला कमिशन नाही. चहा पी आणि नीघ." चहा न पिताच तो गेला. तेरा वर्षे आला नाही.

गेल्या सोमवारी कचेरीतल्या बाई म्हणाल्या, "काका, रेघ म्हणजे कोणी नाही. तुम्हाला काही झालं तर कोर्टाचा कागद येईपर्यंत खातं बंद. वर्षसुद्धा लागतं." मी म्हणालो, मृत्युपत्रात लिहितो. "लिहा, पण आमच्याकडे फॉर्मच चालतो." तिथेच पत्नीचे नाव घालून नवा फॉर्म दिला. नोंदीला पंधरा दिवस लागतात, आणि त्याआधी मेलो तर तो फॉर्म रद्दी. ऑपरेशन पुढे ढकलता येईल का, विचारले. येणार नाही.

३. नोंदीआधी मी गेल्यास लेथ विकून कॉलेजच्या पहिल्या वर्षाची फी मुदतीत भरावी. रंग उडाला म्हणून कोणी भाव पाडू लागल्यास लेथवर कातलेला तुकडा मोजून बघायला त्याच्या हातात मायक्रोमीटर द्यावा आणि गप्प बसावे. मुलीने थांबू नये. काल ती म्हणाली, "बाबा, एक वर्ष गेलं तर काय आभाळ कोसळणार आहे?" मी तिच्यावर ओरडलो. ते ओरडणे माझ्या रेघेवर होते, तिच्यावर नव्हते, याची येथे नोंद करतो.

४. मोजमापाची हत्यारे, पेटीसकट, मुलीला. वापरो न वापरो, तेल मात्र द्यावे.

५. खात्याची धावपळ मेव्हण्याने करावी. आज त्याला फोन केला. अर्ध्या तासात दारात हजर. कागद हातात घेऊन म्हणाला, "भावोजी, वाचू की फक्त सही करू?"

"वाच. एकेक ओळ वाच. काही सुटलं असेल तर सांग."

त्याने बोट ठेवून वाचले. "लेथ विकून फी भरावी, असं लिहिलंय. कोणी, ते लिहिलेलं नाही."

बरोबर होते. तेव्हा कलम तीनला जोड: लेथ पत्नीने विकावा.

ठिकाण: माझे घर, पुढची खोली.
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा मंगळवार, दुपारी सव्वातीन.

साक्षीदार पहिला: पत्नीचा भाऊ, विमा प्रतिनिधी (वाचून सही).
साक्षीदार दुसरा: कोपऱ्यावरचा औषधवाला.

लिहून देणार: (सही)

वरील सही हलली आहे. ती माझीच आहे. हात भीतीने हलला, कोणाच्या दबावाने नव्हे.