पगारी हरळी

तीर्थस्वरूप बन्सीमामांना,

समर्थचा साष्टांग नमस्कार. (खरं तर गवतात उकिडवं बसून लिहितोय, पण पत्रातल्या साष्टांगाला जागा लागत नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? काळी गाय व्याली का? चष्म्याची काडी अजून दोऱ्यानंच बांधलेली असणार, तेव्हा हे पत्र गोजरमामीच वाचून दाखवत असतील. मामी, तुम्हालाही नमस्कार. सावकाश वाचा, अक्षर माझंच आहे.

फोन का केला नाही म्हणाल, तर तुम्ही तो स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवता आणि माझी बातमी संध्याकाळच्या आत श्रीगोंद्याच्या बाजारात पोचते. शिवाय आजची गोष्ट तुमच्याशी तोंडानं बोलायची माझी छाती नाही.

भाचा नगरजवळ मोठ्या लोकांच्या मैदानावर साहेब झाला, असं तुम्ही गावभर सांगितलंय. त्यातलं मैदान तेवढं खरं आहे. हे गोल्फचं मैदान. म्हणजे साठ एकर जमीन, पाण्याची सोय, आणि पीक काहीच नाही. माणसं एका पांढऱ्या चेंडूला काठीनं लांब मारतात, मग गाडीत बसून त्याच्यामागं जातात आणि सापडला की पुन्हा मारतात. (आपल्याकडं असं करणाऱ्याला घरचे भगताकडं नेतील.) याला लागतं गवत, आणि ते सांभाळायचं सहा महिन्यांचं शिक्षण मी घेतोय. सकाळी लांब बांबू फिरवून गवतावरचं दव झाडायचं, चाळलेली वाळू पसरायची, गवताची उंची मिलिमीटरमध्ये मोजायची. आमच्या शिकवणाऱ्या मनवा मॅडम शेतकीच्या पदवीधर, माझ्याहून चार वर्षांनी लहान आणि चाळीस वर्षांनी शहाण्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, गवत पिवळं दिसतंय, काय कराल? मी तोंडानं उत्तर द्यायच्या ऐवजी उसाच्या अंदाजानं युरियाच टाकला. आठ दिवसांत गवत असं माजलं की एका साहेबांचा चेंडू त्यात हरवला, आणि तो शोधता शोधता त्यांचा मोबाईलही. मोबाईल सापडला. चेंडूचा पत्ता नाही.

आता मुद्द्याचं. मामा, बसून ऐका. मी जे गवत वाढवतोय ना, ती हरळी आहे. व्हय, आपलीच हरळी. इथं तिला इंग्रजी नाव आहे, पान जरा बारीक आहे, पण कांडी काही लपत नाही. मी पहिल्या दिवशीच ओळखली आणि दोन घास कमी जेवलो. ज्या हरळीपायी तुम्ही मला दहाव्या वर्षी भर उन्हात सरीत परत पाठवलंत, "येक कांडी राह्यली ना लेका, तर म्हातारा होस्तोवर खुरपत बसशीन" म्हणालात, तिला मी रोज आंघोळ घालतो. "बन्सीच्या वावरात हरळी दाखवा, मिशी उतरवून देतो" असं तुम्ही भर पारावर म्हणता, आणि तुमचा सख्खा भाचा तिच्यावर कुणाचा पाय पडू नये म्हणून दोरी बांधतो.

एवढ्यावर भागलं असतं. पण गेल्या मंगळवारी तुमचा फोन आला. मी सात नंबरच्या चौथऱ्यावर होतो. (चेंडूला पहिला फटका मारायची जागा. आमच्या परीक्षेसाठी एकेकाला एकेक चौथरा नेमून दिलाय.) तुम्ही नव्या लागणीतल्या खुरपणीचं सांगत होतात, बायका कशा वरवर ओढतात, मूळ कसं तसंच राहतं. मी हं हं करत खाली बसलो. डाव्या हातात मोबाईल, आणि उजवा हात, मामा, त्याला मी काय करू, तो तुम्ही शिकवलेला हात आहे. खिशात गवत दुरुस्त करायचा काटा होता. पाऊण तासानं तुम्ही "बरं, ठिव मग" म्हणालात तेव्हा मी खाली पाहिलं. दोन घोंगड्या अंथरता येतील एवढी जागा साफ. एक कांडी राहिली नव्हती. बाजूला व्यवस्थित ढीग, मुळं वर करून, उन्हात वाळायला. खरं सांगतो, आधी मला अभिमान वाटला. मग मॅडम आल्या.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "इतकं मुळापासून कसं काढलंत?" येत्या शनिवारी तपासणी आहे. आम्ही तिघं शिकाऊ, कायम होणार एक. पोलीस भरतीत दोनदा धावून आलोय, तिसऱ्यांदा छाती फुगत नाही. हेही गेलं तर तुमच्या सरीत परत यायचं, आणि तुम्ही मला काही बोलणार नाही, याचीच मला भीती वाटते.

मागणं काही नाही. आशीर्वाद असू द्या.

तुमचा,
समर्थ (नुसता नावाचा)

ता.क. पार्थच्या टेम्पोबरोबर पत्र पाठवलंय. तो गुरुवारी रिकामा इकडं परत येतो.

ता.क. २. मामी, हे मोठ्यानं वाचू नका. कडब्याच्या गंजीमागं, न्हाणीच्या पाण्यावर तुम्ही दूर्वा, म्हणजे हरळीच, राखल्यात. लहानपणी दर चतुर्थीला मीच खुडून आणायचो, आणि कुणाला सांगितलं नाही. त्यातला दोन घोंगड्यांएवढा तुकडा मातीसकट, दोन बोटं जाड, फावड्यानं थालीपिठासारखा उचलून ओल्या पोत्यात घालून पार्थकडं द्या. इथं राखीव गवत संपलंय, आणि देशी हरळी चालेल असं मॅडम म्हणाल्यात. गणपतीपुरत्या एकवीस ठेवा. फोन का केला नाही, ते आता कळलं असेल.

ता.क. ३. मामा, मामी मधेच का थांबल्या ते विचारू नका. सगळ्या वावरात वाकून वाकून खुरपं चालवणारा माणूस गंजीमागं मात्र चाळीस वर्षांत एकदाही का गेला नाही, ते मीही कधी विचारलं नाही.