परत आलेल्या लॅम्पचं साखरमीटर

५ जानेवारी २००५
मोहिनीने लॅम्प परत पाठवला. माझा मित्र सुनील, त्याच्या हाती. वाढदिवसाला मी दिलेला, फायबरच्या काड्यांचा, टोकाटोकाला उजेड लुकलुकतो तो. निरोप: घरात ठेवायला जागा नाही.
निफाडला तिच्या घरच्यांचा दोन मजली बंगला आहे. म्हणजे अर्थ सरळ आहे. घरचे लक्ष ठेवून आहेत.
लॅम्प भिंतीवर आपटला. काड्या शाबूत राहिल्या. माल चांगला होता.

६ जानेवारी
कल्पना सुचली. इंजिनियरिंगच्या थर्ड इयरच्या पुस्तकात होती. (इयर अर्धवट राहिलं ते लॅब असिस्टंटमुळे. मी मीटर नुसता ढकलला. त्याने तो टेबलाच्या काठावर ठेवलाच का?) लॅम्पमधल्या फायबरच्या काडीची साल ब्लेडने खरवडायची, तेवढा भाग रसात बुडवायचा. एका टोकाला एलईडी, दुसऱ्या टोकाला सेन्सर. साखर जितकी जास्त, तितका उजेड वाटेत गळतो. पलीकडे उजेड कमी पोचला म्हणजे रस गोड. संपलं.
मोहिनीच्या वडिलांची, सहादूआबांची, वाइनची द्राक्षं आहेत. विंचूरची कंपनी साखर मोजून माल घेते. बावीस टक्क्यांच्या खाली हात लावत नाही. मी मोजून देणार. या सीझनलाच आबा चारचौघांत माझा सत्कार करतील. लिहून ठेवतो.
आजपासून राग बंद.

९ जानेवारी
मशीन चाललं. साखरेच्या पाण्याचे ग्लास मांडून पुठ्ठ्यावर आकडे लिहिले. आई म्हणाली, डबा रिकामा केलास, बाबांना चहा मिठाचा देऊ का. शास्त्रज्ञाच्या आईने असं बोलू नये, एवढंच म्हणालो. बशी फुटली. तडकलेलीच होती.
सेल दोन लागले. एक टीव्हीच्या रिमोटमधला, एक बाबांच्या गजराच्या घड्याळातला.

१० जानेवारी
बाबांची फर्स्ट शिफ्ट हुकली. सातपूरला कंपनीच्या गेटवरूनच परत आले. म्हणाले, तू कॉलेज सोडलंस तेव्हा वाटलं, निदान माझी नोकरी तरी राहील.
बाबांना माणसाची उमेद वाढवता येत नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. स्टँडवर मोहिनी भेटली. तिळगूळ दिला, म्हणाली, गोड बोल. सुनीललाही तेच म्हणाली, कंडक्टरलाही तेच. पण मला म्हणण्याआधी थांबली. सुनील म्हणाला, थांबणारच, तुझ्याशी बोलण्याआधी माणूस आजूबाजूला बघून घेतो. त्याची कॉलर धरली. सोडली. सण होता.
मोहिनीला मशीनचं सांगितलं. म्हणाली, आबांना विचारते. हे तिने आपणहून सुचवलं. (मी तीनदा म्हटल्यावर.)

६ फेब्रुवारी
निफाड. इस्त्रीचा पांढरा शर्ट. आबा म्हणाले, या इंजिनियर. चूक सुधारत बसलो नाही.
मोहिनीने पाणी आणलं. मशीन तपासावं म्हणून काडी त्यातच बुडवली. अकरा दाखवलं. साध्या पाण्यात अकरा. मी तिच्याकडे बघितलं. तिने ग्लास दोन्ही हातांनी धरून आणला होता. काही गोष्टी सायन्सच्या पलीकडे असतात.
मग द्राक्षांचा रस. चोवीस. आबांनी त्यांची ती साखर बघायची, डोळ्याला लावायची नळी काढली, एक थेंब टाकून आभाळाकडे बघितलं. म्हणाले, हे तर अठराच दावतंय रे. अन जिभेलाबी आंबूस लागतंय. मी म्हणालो, जीभ आणि नळी दोन्ही जुन्या झाल्यात.
मंगळू, सुरगाण्याच्या टोळीचा मुकादम, तिथेच बसला होता. म्हणाला, शेठ, तोडायचं तर आजच सांगा, उद्या टोळी दुसऱ्या बागेत जानार. आणि माझ्या पुठ्ठ्याकडे बघून हसला. नळी माझ्या हातात होती. टाकीच्या कठड्यावर आपटली. निसटली. रागाचा संबंध नाही.
जेवायला बसताना आबा म्हणाले, शेजारच्या मळ्यातून दुसरी आनतो. मी म्हणालो, विश्वास नसेल तर निघतो, आणि ताटावरून उठलो. वाढून झालेलं होतं. आबांची आई आतून म्हणाली, भरल्या ताटावरून पाव्हना उठवू नको रे सहादू, त्याचं काय ते ऐक. आबा म्हणाले, बस बाबा, जेव. तोडतो.
मोहिनी म्हणाली, आबा, तो हुशार आहे, पण कुणाचं ऐकत नाही. घरी आल्यावर आईला त्यातला पहिला अर्धा भाग सांगितला.

८ फेब्रुवारी
ट्रॅक्टरसोबत विंचूरला गेलो. आबांचा आग्रह नव्हता.
कंपनीत माल तपासणारा धनराज नावाचा आहे. बारीक, शांत, भांग पाडलेला. त्याने रस घेतला, अठरा म्हणाला. माल परत. मी मशीन काढलं. एकतीस दाखवलं. धनराजने स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली. म्हणाला, यात बघा ना. सत्तावीस. मागून एक ड्रायव्हर म्हणाला, साहेब, मग बोअरच लावा वाइनला. सगळे हसले.
धनराज हसला नाही. हा खरा आतल्या गाठीचा. आबांना खुर्ची दिली, चहा पाजला, पडेल भावात का होईना पण माल घेणाऱ्या ज्यूसवाल्याचा नंबर दिला. आबांनी त्याचं गाव विचारलं. मग आडनाव. मग घरी कोण कोण. बराच वेळ बसले.
परत येताना ट्रॅक्टरवर मला जागा नव्हती म्हणे. मागे अख्खी ट्रॉली होती, द्राक्षांच्या क्रेटवर बसलो असतो.

९ फेब्रुवारी
सुनीलने सेल तपासले. पार उतरलेले. सेल उतरला की एलईडी मंद होतो, उजेड कमी पोचतो, मशीन समजतं साखर वाढली. म्हणाला, अजून आठवडाभर चालवलं असतंस तर गटारात बासुंदी निघाली असती.
म्हणजे मशीन बरोबर होतं. सेल बाबांचे होते. बाबांशी बोलणं बंद.
मोहिनीच्या पाण्याचं सुनीलला सांगितलं नाही.

८ मार्च
शेजाऱ्यांकडे आबांचा फोन आला. वीस तारखेला आईबापाला घेऊन ये, तुझा सत्कार करायचाय. मी म्हणालोच होतो. सहा जानेवारीचं पान आईला वाचून दाखवलं. आईने विचारलं, कार्यक्रम कसला आहे. मी विचारलं नाही. मोठी माणसं अशा गोष्टी फोनवर काढत नाहीत.
बाबांशी बोलणं सुरू केलं. नवीन शर्ट हवा होता. मशीनला नवे सेलही घातले.

२० मार्च
मंडपाच्या दारात बोर्ड होता. साखरपुडा. मोहिनी आणि धनराज.
आई म्हणाली, चल माघारी. बाबा म्हणाले, दोन बस बदलून आलोय, जेवून जाऊ.
आबा माइकवर बोलले. या पोराच्या मशीनपायी माल माघारी आला, पन माल घेऊन गेलो नसतो तर असा जावई गावला नसता. टॉवेल, टोपी, नारळ. टोपी कानांवर आली. टाळ्या वाजल्या. मोहिनीनेही वाजवल्या. खरं तर सगळ्यात आधी.
तिच्या खुर्चीशेजारी टेबलावर लॅम्प होता. फायबरच्या काड्यांचा, धनराजने आणलेला. माझ्या लॅम्पच्या निम्मा.
जोडी पाया पडत आमच्यापर्यंत आली. आईला ठसका लागला. मोहिनीने पाणी दिलं, दोन्ही हातांनी. आईने अर्धं पिऊन ग्लास ठेवला. सगळे पुढे गेल्यावर पिशवीतलं मशीन काढून उरलेल्या पाण्यात काडी बुडवली.
शून्य.
परत एकदा बघितलं. शून्य.

२१ मार्च
आईने नारळ फोडला, चटणी केली. टोपी बाबांना बसते. बाबांनी त्यांच्या कंपनीत शब्द टाकलाय, उद्यापासून मी फर्स्ट शिफ्टला हेल्पर. म्हणाले, टॉवेल ने, भट्टीपाशी घाम फार येतो.
मशीनमधले सेल काढून गजराच्या घड्याळात आणि रिमोटमध्ये घातले. पाचचा गजर लावला. सेल नवे आहेत. वाजणार.