डेझीला तांदळाचं धुवण

यिशुन, सिंगापूर
६ जून १९९४

ती. उल्काताईस,
सा. न. वि. वि.

रागाव हवं तर, पण मैत्रेयीला समजाव. ती शिकायला मेलबर्नला तुझ्याकडे आली, म्हणून मी पुण्यातलं कॉलेज अर्धवट टाकून पद्माकरकाकांकडे आलो. इथे नर्सरीत कुंड्या उचलतो. का, तर मेलबर्न जरा जवळ!

तिने पाठवलेल्या तिकडच्या डेझीच्या बियांचं वीतभर झुडूप झालंय. जगवून दाखव, असं लिहिलं होतं तिने. त्याचा अर्थ मला कळतो. रोज दोनदा पाणी, तांदळाचं धुवण, चहाचा चोथा, पावसात वर छत्री. काकू म्हणतात, माझ्या तुळशीचे एवढे लाड कधी केलेस? तरी पानं काळी पडतायत. उपाय विचार.

माझ्या सहा पत्रांना तिचं उत्तर नाही. पंचवीस तारखेचं तिकीट काढलंय. समोरच उभा राहतो. तिकिटाचं तिला सांगू नकोस.

तुझाच,
अनिमेष

मेलबर्न
१४ जून १९९४

चि. अनिमेष,
अनेक आशीर्वाद.

तू येणार, हे मी तिला सांगितलं. रविवारी ती मला समुद्रावर घेऊन गेली. वाळूच्या टेकड्यांवर तुझी डेझी रानोमाळ उभी होती. राखाडी, चिवट. खारा वारा, पायाखाली सरकती वाळू, खत नाही, पाणी घालणारं कुणी नाही. लाडांनी तिची मुळं कुजतात, असं मैत्रेयी म्हणाली.

मग तुझ्याबद्दल बोलली. बिया पाठवल्या त्या, झाडांची आवड लागून तू पुन्हा शिकशील म्हणून, दुसरं काही मनात नव्हतं. तुझी पत्रं उघडायची तिला धास्ती वाटते. येऊ नको म्हणाली, आणि रडली. माझं दार तुला उघडं आहे रे, पण ते तिचंही घर आहे.

जेवत जा.

तुझी,
उल्काताई

यिशुन
२६ जून १९९४

ती. उल्काताईस,
सा. न.

तुझं पत्र फाडलं, काकूंवर ओरडलो, झुडूप उपटलं. मुळांचा चिखल झाला होता. शेंड्याची एक फांदी तेवढी हिरवी होती. समोर इमारतीचं काम चाललंय, तिथली वाळू डब्यात भरून ती खोचली आणि कॉरिडॉरच्या वाऱ्यात ठेवली. जगेल की नाही, ठाऊक नाही.

काल विमान गेलं. मी इथेच आहे. तिला यातलं काही सांगू नकोस, विचारलं तरी.

आज सकाळी काकूंनी तांदूळ धुतले आणि सवयीने भांडं माझ्यापुढे धरलं. मी ते सिंकमध्ये ओतलं.

राग विसर, माया राहू दे.

अनिमेष