आक्तोशचे मागचे पाय

२ मे

पोचले एकदाची. ट्रकवाल्याने ओढ्याच्या अलीकडेच उतरवलं; पलीकडचा चढ गाडीला झेपायचा नाही म्हणाला. औषधांची पेटी हातात, वळकटी पाठीवर अशी चढून आले तर पाच कुत्री भुंकत अंगावर आली. मी जागची हलले नाही. मेंढपाळ ओमुरझाक आके घोड्यावर बसून मजा बघत होते. म्हणाले, पळाली असतीस तर गावाला परत धाडलं असतं, उभी राहिलीस म्हणजे नोकरी पक्की. त्यांच्या बायकोने, बुरूलचा आपांनी, त्यांना तिथेच झापलं, की पोर दमून आलीये आणि तुम्हाला चेष्टा सुचतेय, आधी खाली उतरा आणि पेटी घ्या.

चहा झाला, साय लावलेले गरम बोरसोक, तळलेल्या पिठाचे गोळे, झाले. मातीचं घर, दोन खोल्या, त्यातली एक माझी. खिडकीतून सगळं कुरण दिसतं. गवत गुडघ्याच्या वर गेलंय, मधूनमधून खसखशीची लाल फुलं.

कळप वरच्या कुरणात चढेपर्यंत पशुवैद्यक संस्थेने मला ठेवलंय, मेंढ्यांना औषधाची अंघोळ घालायला आणि कुत्र्यांच्या गोचिडी काढायला. सासूबाईंना पसंत नव्हतं. एर्मेकच्या वर्षाचं जेवण व्हायच्या आत सून डोंगरात निघाली, कुत्र्यांमागे, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोकांना गोचिडी नसतात वाटतं. त्या हसल्या नाहीत. मी हसले. नवरा गेल्यानंतर पहिल्यांदाच.

एर्मेक रशियात बांधकामावर होता. जानेवारीत बंद पेटीतून घरी आला. पेटी उघडू दिली नाही. एकदा लिहून टाकलं, म्हणजे परत लिहायला नको.

४ मे

कुत्र्यांची अवस्था वाईट. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यात, काखेत, शेपटीखाली, जिथे हात जाईल तिथे गोचीड. आके आजवर रॉकेल चोळत आणि सिगारेटचा चटका देत. मग अंगठ्याच्या नखावर ठेवून चिरडत. मी सांगितलं की चटका दिला की गोचीड आतलं सगळं जखमेत ओकते, आणि चिरडली की तिचं रक्त आपल्या हाताला लागतं, त्यातून ताप येतो, माणसं मरतात. आके म्हणाले, चाळीस वर्षं चिरडतोय, अजून मेलो नाही, बुरूलचाला विचार, वाट बघून थकली. आपा कणीक मळत म्हणाल्या की खरं आहे.

मग मी चिमट्याने करून दाखवलं. केस बाजूला करायचे, तोंडाशी कातडीलगत पकडायचं, पिळायचं नाही, झटका द्यायचा नाही, सावकाश सरळ वर ओढायचं. स्पिरिटच्या बाटलीत टाकायचं. बाटली तळाशी काळी झाली. खांद्यांच्या मध्ये औषधाचे थेंब सोडले.

फक्त आक्तोशचा पट्टा आके काढू देत नाहीत. रुंद कातडी पट्टा, बाहेरून खिळे. पट्टा काढला की गळा लांडग्याचा, म्हणाले. आक्तोश पाचही कुत्र्यांचा म्होरक्या आहे. मी वाद घातला नाही. हल्ली वाद घालायला लागणारं काही माझ्यात उरलेलं नाही.

७ मे

घराभोवतीचं आणि मेंढ्यांच्या वाड्याभोवतीचं गवत कापायला घेतलंय. उंच गवताच्या टोकाला गोचिडी पाय पसरून बसलेल्या असतात, जनावर घासून गेलं की चिकटतात. आके म्हणाले, मेंढ्यांचं ताट उचलून फेकणारी पहिली बाई बघतोय. तरी विळ्याला धार लावून दिली. भारे डोक्यावरून ओढ्यापलीकडे नेऊन टाकते. सहा-सात खेपा रोजच्या.

आपांनी माझा काळा रुमाल परत घट्ट बांधून दिला. भाऱ्याने सैल होतो. म्हणाल्या, वर्ष होईपर्यंत हा डोक्यावरून उतरू देऊ नकोस, विधवेचं डोकं उघडं पडलं की घरातलं आणखी कोणी जातं. त्यांचा मुलगा गेला तेव्हा सुनेने लवकर उतरवला, मग नातू गेला. मी म्हटलं, बरं. मी तसाही उतरवत नाही. रात्रीही नाही. केस कधी धुतले होते ते आठवत नाही. काही करावंसं वाटत नाही. कुत्र्यांचं तेवढं करते.

१० मे

सकाळी आक्तोश उठला नाही. पुढचे पाय टेकवून ओढतो, मागचे दोन्ही फरपटतात. ताप नाही, जखम नाही, खायला मागतो. शेपूट उचलत नाही.

संध्याकाळी आके बंदूक पुसत बसले. म्हणाले, म्होरक्या कुत्र्याला फरपटत जगायला लावणं पाप आहे.

११ मे

पहाटे आक्तोशचे पुढचे पायही लटपटत होते. भुंकला तर आवाज घोगरा. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. शिकताना वाचलं होतं, प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं: काही गोचिडींच्या थुंकीत विष असतं. मागून सुरू होतं, वर वर चढतं, शेवटी श्वास थांबतो. गोचीड काढली की जनावर उठतं.

आके बंदूक घेऊन बाहेर आले होते. मी आक्तोशवर आडवी पडले आणि म्हणाले की पट्टा काढा. ते म्हणाले, बाजूला हो. मी म्हटलं, पट्टा काढा आणि मग हवं तर दोघांनाही मारा. आपा दारातून ओरडल्या की म्हाताऱ्या, पोरीचं ऐक जरा.

पट्ट्याखाली घशापाशी दाट केसांत होती. राखाडी, टम्म फुगलेली, जर्दाळूच्या बीएवढी. सावकाश ओढली. अख्खी निघाली.

१२ मे

आक्तोश उठला. दुपारी ओढ्यापर्यंत चालत गेला आणि पाणी प्याला. आकेंनी मेंढी कापली. घरच्या पोरांना देतात तो कान मला वाढला, म्हणाले, हा बिनगोचिडीचा आहे, तपासून घे. आपा हसता हसता रडल्या. मला आनंद व्हायला हवा होता. झाला असावा.

१५ मे

पायाची बोटं बधिर आहेत. ओढ्याचं पाणी अजून बर्फाचं आहे, त्याने असेल. गवत संपत आलंय.

१६ मे

भारा घेऊन जाताना दोनदा पडले. पायांखाली जमीन आहे हे बघून समजतं, पायांना समजत नाही. आपांना सांगितलं. त्या म्हणाल्या, मुलगा गेला तेव्हा माझेही पाय असेच गेले होते, भिंत धरून चालायची, दुःख आधी पायात उतरतं. मला पटलं. जानेवारीपासून मी अशीच आहे. फक्त आता ते पायांना कळलं.

१७ मे

मेंढ्यांच्या अंघोळीच्या हौदाशी उभी होते. गुडघे दुमडले. आकेंनी उचलून घरात आणलं. वजन नाहीच, म्हणाले, खात जा.

दुखत नाही. काहीच दुखत नाही. भीती वाटायला हवी, एवढं कळतं.

आपांनी रुमाल नीट केला, दुआ पुटपुटली, पाय चोळले. चोळलेलं डोळ्यांनी पाहिलं.

१८ मे

कमरेखाली काही नाही. आके घोड्यावरून गावाकडे गेलेत, गाडी आणायला. फोन इथे लागत नाही. रात्री वर पाऊस झालाय, ओढा फुगलाय, लांबच्या उताराने जावं लागेल. उद्यापर्यंत येतील म्हणाले. आक्तोश त्यांच्याबरोबर गेला नाही. दारात बसलाय.

१९ मे

चमचा हातातून पडतो. आपा भरवतात. गिळताना ठसका लागतो. आवाज घोगरा —

आक्तोशकडे बघत होते. आधी मागचे पाय. मग पुढचे. मग आवाज.

भारे. डोक्यावरून.

रोज पाच कुत्र्यांचे कान, बोटं, काखा. स्वतःच्या अंगाला हात नाही.

१९ मे, दुपार

हात डोक्यापर्यंत जात नाही. खांद्याशी अडतो.

आपांना सांगितलं, रुमाल काढा. जीभ जड. त्यांना वाटलं एर्मेकला हाक मारतेय. म्हणाल्या, हो पोरी, तो बघतोय तुला, रडून घे. आणि गाठ आणखी घट्ट केली.

लिहून दाखवलं: रुमालाखाली गोचीड. आक्तोशसारखी.

वाचलं. मागे सरकल्या. नको म्हणाल्या. वर्ष झालं नाही. म्हातारा वाटेत आहे, ओढा फुगलाय, त्याला काही झालं तर — तो येऊ दे, मग बघू.

मी लिहिलं, तोपर्यंत श्वास —

बाहेर गेल्या. किती वेळ ते कळलं नाही. आक्तोश आत आला. पायाशी बसला असावा.

आपा परत आल्या. हात धुतलेले. चिमटा आणलाय. म्हणाल्या, माझं जे व्हायचं ते होवो.

मी लिहीत राहते. बोलता येत नाही.

गाठ सुटली. वारा लागला असेल.

वेण्या सोडताहेत. मानेवर आहे एक, म्हणाल्या. ओढू का.

सरळ वर. सावकाश. पिळू नका.

निघाली. आपा रडताहेत. आता उठशील, म्हणताहेत, कुत्रा उठला तशी.

अजून बघा. कानामागे. टाळूवर.

बघताहेत.

हात थांबला

चिमटा खाली ठेवलाय. आक्तोश गुरगुरतोय, माझ्याकडे बघून —

मी लिहून विचारलं, किती

डोळे मीट म्हणाल्या. लिहू नकोस. रुमाल परत ओढताहेत डोक्यावर. मी नको — बघा — एकेक करून —

म्हणताहेत पोरी, केसच दिसत नाहीत, सगळ्या